एक घर खाली सरकलेली नावं

मी सिग्नलमधला माणूस. फौजेत माझं काम एकच होतं. जाणारा निरोप कुणाला वाचता येणार नाही असा करायचा, आणि आलेला निरोप उलगडून ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. आत काय लिहिलंय ते वाचायचं आणि विसरायचं. सुभेदार होऊन शिराळ्याला घरी आलो, तरी ती सवय गेली नाही. आमची मंडळी म्हणते, "ह्यांच्या पोटात काय हाय ते ह्यांच्या पोटाला बी कळत न्हाई." राग मात्र माझ्या पोटात राहत नाही, तो लगेच तोंडावर येतो. त्यापायी नातेवाईक चार हात लांब बसतात. बसूदेत.

हरणाबाईंचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो. हरणाबाई म्हणजे मलकापूरच्या, आमच्या सृष्टीच्या होणाऱ्या सासूबाई. सृष्टी माझी पुतणी. तिचा बाप जयराज, माझा धाकटा भाऊ, गेला तेव्हा ती पहिलीत होती. जाताना माझा हात धरून "नाना, पोरीचं बघ" एवढंच म्हणाला. मी बघितलं. तिला शिकवली, ती आता गावातल्या मेडिकल दुकानात औषधं देते. पोरगी शांत, पण शांत माणसाला गृहीत धरू नये हे मला तिनंच शिकवलंय. हरणाबाईंच्या विश्वजीतशी तिची सुपारी फुटली होती. पत्रिका छापून आल्या होत्या आणि पहिली देवापुढं ठेवून झाली होती.

"नानासो, पोरीला फिट येत्यात हे आमाला सांगाय पायजे व्हतं का न्हाई?" हरणाबाईंनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"कुणाला फिट येत्यात?"

"तुमच्या सृष्टीला. वेड पांघरून पेडगावला जाऊ नगा."

"कुणी सांगितलं तुमाला?"

"कंप्युटरनं सांगितलं. माझा भाचा ऋषिराज त्याच कामात हाय. मिरजंच्या दवाखान्यातलं समदं त्याच्याकडं आलंय. या, आन् डोळ्यानं बगा."

मिरजेचा दवाखाना म्हटल्यावर मला आठवलं. गेल्या पावसाळ्यात सृष्टीला डेंगी झाला, तेव्हा मीच तिला मिरजेला नेली होती. तापानं ती बाकावर बसल्या बसल्या कलंडत होती. तिच्यामागं ज्या बाईचा नंबर होता तिनं सृष्टीचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. उकाडा मरणाचा, तरी बाईच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. तीच पूजा, विश्वजीतची थोरली बहीण. सृष्टी तिला इतकी आवडली की महिन्याभरात तिनंच भावासाठी मागणी घातली. फक्त एक म्हणाली, "नाना, दवाखान्यात भेटलो म्हणू नगा, मिरजंच्या स्टेशनात भेटलो म्हणा. मी एका पावनीला बगाय आले व्हते, सासरी सांगितलं न्हवतं." मी म्हटलं, बरं. बायकांच्या शंभर भानगडी असतात, आपण कशाला नाक खुपसा.

दुसऱ्या दिवशी मी आणि सृष्टी मलकापूरला गेलो. निघताना तिनं सुपारीच्या दिवशी नेसवलेली साडी घडी करून पिशवीत घातली. मी म्हणालो, "ही कशाला?" ती म्हणाली, "असूदे नाना." मला ते अजिबात आवडलं नाही, पण एसटीत भांडत बसायचं वय राहिलं नाही.

त्यांच्या सोप्यात बैठक मांडली होती. आमच्याकडं असा पेच पडला की पाहुण्यांतला एक जाणता माणूस बोलावतात, म्हणजे कुणी तोल सोडला तर आवरायला कुणीतरी असतं. त्यांनी पूजाच्या सासऱ्यांना बोलावलं होतं. नाथाजी त्यांचं नाव, पलूसकडचे ऊसवाले, डोक्याला पांढरी टोपी आणि तोंडात तंबाखूचा बार. त्यांच्याबरोबर पूजाही आली होती. ती आतल्या दारात उभी होती, तेच लांब बाह्यांचं पोलकं. विश्वजीत कोपऱ्यात खुर्चीवर बसून मोबाईलकडं बघत होता. मोबाईल बंद होता, ते मला लांबूनसुद्धा दिसलं.

ऋषिराजनं लॅपटॉप उघडला. पोरगं वाईट नव्हतं. दवाखान्यासाठी त्याची कंपनी एक ॲप बनवत होती, आणि चालतंय का बघायला दवाखान्याची माहिती त्यांना दिली होती. काम करता करता ओळखीची नावं टाकून बघायची त्याला खोड. त्यानं सृष्टीचं नाव टाकलं, आणि पडद्यावर एकच ओळ आली. सृष्टीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि पुढं, 'फिटचा आजार. गोळ्या कायम चालू.'

सृष्टीनं ते वाचलं. तिचा चेहरा उतरला.

"झालं समाधान?" हरणाबाई म्हणाल्या.

"मला एक सांग," मी ऋषिराजला म्हणालो, "लोकांची दुखणी तुमी अशी उघडी ठेवून बसता व्हय रं?"

"न्हाई काका, सगळा डेटा एन्क्रिप्ट करून दिलाय आमाला. सरांनी सांगितलंय तसं."

"एन्क्रिप्ट केलाय, मग मला वाचता कसा येतोय?"

मी हयातभर एन्क्रिप्शनवर भाकरी खाल्लीय. एन्क्रिप्ट केलेला मजकूर म्हणजे पोलादी पेटीत घालून कुलूप लावलेला मजकूर. किल्ली असलेल्याला तो जसाच्या तसा मिळतो, आणि नसलेल्यानं जन्मभर पेटी उराशी धरली तरी त्याला एक अक्षर कळत नाही. आणि इथं तर चष्मा लावला की सगळं वाचता येत होतं.

"लाव तुझ्या सराला फोन. आन् मोठ्यानं ऐकू येईल असा लाव."

त्यानं लावला. सर घाईत होते. "अरे हो, एन्क्रिप्ट म्हणजे स्क्रॅम्बल केलाय. नावं इकडची तिकडं केलीयत. तेच ते. टेस्टिंगला काय फरक पडतो?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तेच ते! मला असा राग आला की हातातला पाण्याचा पेला मी खाली आपटला.

"हरणाबाई," मी म्हणालो, "लग्नाच्या मांडवाबाहेर चपला असत्यात न्हवं? कुणी द्वाड पोरानं त्या इकडच्या तिकडं केल्या, तर त्या कुलपात गेल्या का? चपला समद्यांच्या डोळ्याम्होरं तशाच राहत्यात. फकस्त एकाची फाटकी चप्पल दुसऱ्याच्या पायात जाती. ह्यांनी तेच केलंय. नाव खरं, दुखणं बी खरं, पण ह्या नावाचं हे दुखणं न्हवं. सृष्टीला डेंगी झाला व्हता, दुसरं कायबी न्हाई."

मला वाटलं, झालं, मिटलं. ऋषिराजनं कपाळाला हात लावला आणि "आत्या, माझं चुकलं" म्हणाला. पण हरणाबाई हलल्या नाहीत.

"म्हंजे घोळ झालाय म्हणता. घोळात कुणाचं काय हे कुणाला म्हाईत? ही चप्पल हिची न्हवं, तर कुणाची हाय ते दावा. मग मानते मी. न्हाईतर उद्या लोक म्हणतील, पावन्यांनी कंप्युटरवर ढकललं."

खरं सांगतो, बाईला तोंडावर काही म्हणता येईना. कुलपातली गोष्ट निदान गप्प राहते. ही घोळात घातलेली गोष्ट ज्याच्या त्याच्या अंगाला चिकटणार, आणि एकदा चिकटली की पोरीच्या जन्माला पुरणार. हे स्थळ मोडलं तर कारण विचारणारा दुसरा येणार, तिसरा येणार. मला जयराजचा हात आठवला.

"मूळची यादी हाय का तुझ्याकडं?" मी ऋषिराजला विचारलं.

"न्हाई काका. ती दवाखान्यात. त्याबिगर परत लावता येणार न्हाई."

"आण इकडं. मी लावतो."

"तुमी?" विश्वजीत पहिल्यांदाच बोलला.

"व्हय, मी. तुमच्या सरापेक्षा शाण्या माणसांनी घातलेली कोडी सोडवलीत मी."

लॅपटॉप मांडीवर घेतला. सृष्टी माझ्या शेजारी सरकून बसली. मी ऋषिराजला तो शोध काढून टाकायला लावला आणि अख्खी यादी उघडली. सृष्टीच्या नावाची ओळ मधोमध आणली. आता वयसुद्धा दिसत होतं. फिटच्या आजारापुढं वय होतं एकतीस. आमची पोरगी चोवीसची. मग वरची ओळ बघितली. वय चोवीस, डेंगी, प्लेटलेट कमी, आणि नाव भलत्याच कुणा माणसाचं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सापडलं!"

सापडलंच होतं. त्या आळशी सरानं नावं पिसलीसुद्धा नव्हती. नावांचा रकाना उचलून एक घर खाली सरकवला होता, बस्स. फौजेत पहिल्या आठवड्यात शिकवतात असला प्रकार, दुसऱ्या आठवड्यात त्याला हसतात. सृष्टीचं नाव तिच्या ओळीवरनं घसरून खालच्या ओळीवर पडलं होतं. म्हणजे त्या खालच्या ओळीचं खरं नाव तिच्याही खाली असणार. मी बोट फिरवून खाली गेलो.

तिथं पूजाचं नाव होतं. नवऱ्याच्या नावासकट, पलूसकडच्या गावासकट.

फिटच्या ओळीत डॉक्टरनं पुढं लिहिलं होतं ते मग मी वाचलं. लग्नाआधीपासून त्रास. फिटमध्ये डाव्या हाताला भाजल्याची जुनी खूण. त्या दिवशी बाकावर पूजाचा नंबर सृष्टीच्या मागं होता. ती कुणा पाहुणीला बघायला आलेली नव्हती.

"सापडलं ना?" हरणाबाई म्हणाल्या. "मग सांगा की. कुणाची हाय?"

मी मान वर केली. दारात पूजा उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं. डावा हात तिनं उजव्या हातानं असा आवळून धरला की बोटं पांढरी पडली. तिच्यासमोर तिचा सासरा बसला होता. तिनं आजवर जे झाकलं ते माझ्या मांडीवर उघडं पडलं होतं, आणि माझी पोर वाचवायला मला फक्त तोंड उघडायचं होतं. नाव घ्यायचीही गरज नव्हती. नावं एक घर खाली सरकलीत एवढं म्हटलं असतं तरी ऋषिराजनं पुढच्या क्षणी बोट ठेवलं असतं.

मी खोटं बोलणार नाही. माझ्या जिभेवर आलं होतं. हरणाबाईंना स्वतःच्या लेकीचं ठाऊक नसणार असं कसं होईल? आपल्या घरातलं झाकून ठेवायचं आणि दुसऱ्याच्या पोरीला तेच विष घालायचं! बोलून टाकावं, होऊदे काय व्हायचं ते, असं वाटलं. तेवढ्यात सृष्टीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं पण वाचलं होतं. तिनं माझ्याकडं बघून फक्त मान हलवली, नाही म्हणून.

निरोप माझ्या नावचा नव्हता. मी लॅपटॉप मिटला.

"न्हाई," मी म्हणालो. "चुकलं माझं. न्हाई जमत."

आयुष्यात मी हे वाक्य कुणासमोर म्हटलं नव्हतं. विश्वजीतच्या तोंडावर बारीक हसू आलं. हरणाबाई म्हणाल्या, "मी म्हणलंच व्हतं. बगा पावणं, आमचा बी नाइलाज हाय." नाथाजी मात्र माझ्याकडं टक लावून बघत होते.

सृष्टी उठली. "चला नाना."

मोडलं काय आणि जुळलं काय, दारातनं जाणाऱ्या पोरीला आमच्याकडं हळदी-कुंकवाशिवाय सोडत नाहीत. हरणाबाईंनी मानेनंच खुणावलं तशी पूजा करंडा घेऊन पुढं आली. तिनं सृष्टीच्या कपाळाला हळद लावली. कुंकू लावायला उजवा हात वर नेला तेव्हा डाव्या हातातला करंडा कलला. तो सावरायला तिनं तो हात उचलला आणि पोलक्याची बाही कोपरापर्यंत सरकली. मनगटापासून वरपर्यंत कातडी आकसून गेली होती. सृष्टीनं ती बघितली. तिनं काही विचारलं नाही. दोन बोटांनी बाही धरली आणि हळूच परत मनगटापर्यंत ओढून दिली, कुणाला दिसू नये अशी.

पूजा तिथंच थांबली. कुंकवाचं बोट तसंच हवेत.

"मामंजी," ती सासऱ्यांकडं न वळताच म्हणाली, "ती कंप्युटरवरची ओळ माझी हाय. हिची न्हाई. मला येत्यात फिटा. लग्नाआधीपासनं येत्यात."

"पूजे!" हरणाबाई अर्ध्या उठल्या.

"राहूदे आये. हिला ठाव हाय. ह्या नानांना बी ठाव हाय. आन् दोघं बी माझं नाव न घेता निघाल्यात."

मला वाटलं, ह्या पोरीचा संसार माझ्या डोळ्यांसमोर मोडणार. नाथाजी सावकाश उठले, दारापर्यंत गेले, तंबाखू थुंकून परत आले.

"मला म्हाईत हाय, पोरी," ते म्हणाले.

पूजानं मान वर केली.

"पयल्याच दिवाळीला मळ्यात पडलीस तू. उपासाची चक्कर म्हणलीस, मी बी व्हय म्हणलं. माझी चुलती असल्याच फिटंनं पडायची. मला काय कळत न्हाई? दर महिन्याला, जा बाई माहेरला जाऊन ये, म्हणून तुझ्या पाठीमागं कोण लागतं? मला वाटायचं, गोळ्या संपल्या असतील."

"मग बोलला का न्हाई, मामंजी?"

"तू बोलत न्हवतीस. तुझ्या जिवाचं तू सांगायचं. मी कोण आदी बोलणारा?"

पूजा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मला ते लपवायचं नाही. एवढी वर्षं एकाच घरात राहून दोन माणसं एकमेकांपासनं एकच गोष्ट जपत होती.

हरणाबाई पदरानं डोळे पुसत पुढं आल्या. त्यांना लाज वाटली होती, ते दिसत होतं. सृष्टीचा हात धरून म्हणाल्या, "बस बाई. माझीच मती फिरली. तुला कायबी न्हाई हे आता समद्यांच्या म्होरं झालं. लगीन हाय त्याच तारखंला हुईल. विश्वा, बोल की रं."

"हो," विश्वजीत म्हणाला. "आता काय प्रश्नच न्हाई."

सृष्टी त्याच्याकडं वळली. त्या दिवसातलं तिचं त्याच्याशी हे पहिलंच बोलणं.

"मला एवढंच सांगा. ती ओळ खरंच माझी असती तर?"

विश्वजीतनं तोंड उघडलं. मग त्यानं आईकडं बघितलं.

सृष्टी वाट बघत थांबली. घाई केली नाही तिनं, पुरेसा वेळ दिला. मग पिशवीतनं साडी काढली आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. पूजाजवळ खाली बसली, तिचं तोंड आपल्या ओढणीनं पुसलं आणि दुकानात गिऱ्हाइकाला सांगते तशी म्हणाली, "एक बी गोळी चुकवू नगा, पूजाताई. आन् आमच्याकडनं न्या आता, मिरजंला कशाला जाताय."

निघताना मी ऋषिराजला म्हणालो, "तुझ्या सराला सांग, तेच ते नसतंय. आन् दवाखान्याला आजच कळीव. तू न्हाई कळवलंस तर मी जाऊन सांगणार हाय." त्यानं मान खाली घालून हो म्हटलं.

स्टँडवर शिराळ्याची एसटी लागायची होती. आम्ही बाकड्यावर बसलो. मला राहवेना.

"पोरी, मी गप बसलो. तवाच बोललो असतो तर तुझं लगीन ठरल्यासारकं झालं असतं."

"व्हय नाना," सृष्टी म्हणाली. "झालं असतं."

आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.